हौशी

माझं तोंड वाईट आहे हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. नळावर मी आले की बायका आपापल्या कळश्या बाजूला घेतात, आणि घेतात ते शहाणपणाचंच करतात. पण या तोंडानं मी कुणाचं फुकट खाल्लं नाही आणि कुणाला फसवलं नाही. तरी माझ्या मुलाची लागत आलेली नोकरी गेली ती याच तोंडामुळे, आणि तीही खरं बोलल्यामुळे. खोटं बोलले ते नंतर.

मुलाचं नाव जयवंत. घाटकोपरला पूर्वेकडे बंगल्यांच्या गल्लीत एक क्लब आहे, तिथे तो कामाला. आम्ही पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीवर राहतो. क्लबात एक मोठं टेबल आहे, आमच्या खोलीत मावणार नाही एवढं. त्याच्यावर हिरवी बनात ताणून बसवलेली, आणि त्यावर रंगीत चेंडू काठीनं ढकलून भोकात घालायचे. स्नूकर म्हणतात त्याला. मी गोट्या म्हणायचे. जयवंत चिडायचा.

दहावी झाल्या झाल्या तो तिथे लागला तो टेबलाला इस्त्री करायला. हसू नका, टेबलालाही इस्त्री करतात. आधी ब्रशनं झाडायचं आणि मग जड इस्त्री फिरवायची, ती एकाच दिशेनं. उलट फिरली तर लव उलटी बसते आणि चेंडू वाकडा जातो. मग संध्याकाळी साहेबलोक खेळायला आले की फळ्यावर त्यांचे गुण मांडायचे. हे काम करणाऱ्याला मार्कर म्हणतात. सकाळी इस्त्री झाली की साहेब येईपर्यंत टेबल रिकामं असायचं. तेवढ्यात तो शिकला. कुणी शिकवलं नाही. सात वर्षांत असा शिकला की क्लबात त्याचा हात धरील असा कुणी उरला नाही.

पगार नावालाच होता. खरी कमाई खेळाची. ज्या मेंबराला जोडीदार नसेल तो मार्करला घेऊन खेळायचा आणि डावामागे त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचा. आधी ते पैसे जयवंतच्या कपड्यालत्त्याला जायचे. मग ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. आमचे हे, दशरथ, गिरणीत साचेखात्यात, मागांवर, वीस वर्षं होते. संपात बाहेर आले ते आलेच. पहिले सहा महिने रोज मीटिंगला जायचे, मग आठवड्यानं जायला लागले, मग खिडकीत बसायला लागले. मी दोन घरची भांडी धरली. पण घर चाललं ते जयवंतच्या काठीवर. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तोंडावर मी म्हणायचे, "एवढा वाढलास आणि गोट्या खेळतोस. लोकांची पोरं बँकेत लागली."

एकदा यांना दम लागला म्हणून मी जयवंतला बोलवायला क्लबात गेले. फाटकावरचा भैया म्हणाला, "बाई, इधर से नहीं, पीछे से."

म्हटलं, "मागून चोर येतात. मी पुढूनच जाणार." आणि गेले.

खिडकीतून आत बघितलं. टेबलावर खाली आणलेले दिवे, बाकी खोलीत अंधार, आणि देवळात असावी तशी शांतता. जयवंत वाकला होता. हनुवटी काठीला टेकलेली, डावा हात बनातीवर पसरलेला. त्याचा एक केस हलत नव्हता. मी त्याला तसा कधीच बघितला नव्हता. घरी तो खांदे पाडून बसतो. इथे वाटलं, ही खोलीच याची आहे, बाकीचे पाहुणे आहेत. चेंडू भोकाच्या तोंडाशी होता, मला आंधळीलाही दिसत होता. आणि तो चुकला.

शेजारचा जाडा शेठ टाळी वाजवून हसला, त्यानं आपला चेंडू घातला, जयवंतच्या पाठीवर थाप मारली आणि खिशात हात घातला.

रस्त्यात मी जयवंतला म्हटलं, "मुद्दाम चुकलास."

तो थांबलाच. "तुला कसं कळलं? तिथे बसलेल्या एकालाही कळलं नाही."

"शाळेत पाटी फोडून यायचास तेव्हा असाच खालचा ओठ आत घ्यायचास."

मग चालता चालता त्यानं सांगितलं, खाली मान घालून. "शेठला हरवलं की शेठ दुसऱ्या दिवशी दुसऱ्याबरोबर खेळतो, आई. आणि उगाच हरलं तरी त्याला मजा येत नाही. शेवटच्या चेंडूपर्यंत घेऊन जायचं आणि तिथे सोडून द्यायचं. त्यालाही अक्कल लागते."

"आग लागो त्या अकलेला," मी म्हटलं.

पण त्या दिवसापासून त्याच्या हातचे पैसे घेताना मला बरं वाटेना. जिंकल्याचे असते तर वेगळं.

आता प्रधानसाहेबांचं सांगते. मधुकर प्रधान म्हणून क्लबातले एक मेंबर. अंधेरीला औषधांची मोठी कंपनी आहे, तिथे साहेब. सगळ्या मेंबरांत हा एकच माणूस जयवंतला म्हणायचा, "माझ्याशी लबाडी नको रे. हरव मला." जयवंत त्यांना हरवायचा आणि ते खूश होऊन जायचे. असा माणूस विरळा, हे मी आजही म्हणते, पुढे जे झालं ते झालं तरी.

चौऱ्याऐंशी साली, गणपतीच्या आधी, प्रधानसाहेबांनी विचारलं, "कंपनीत येतोस का?" कंपन्याकंपन्यांचे स्नूकरचे सामने होतात म्हणे. त्यांच्या कंपनीला खेळाडू हवा होता. सकाळी स्टोअरमध्ये काम, दुपारी सराव, आणि नोकरी कायमची. दवाखाना, फंड, दिवाळीला बोनस. जयवंत तीन दिवस अंधेरीला जाऊन त्यांच्या तीन माणसांशी खेळून आला. तिघांनाही हरवलं. तिसऱ्या दिवशी आला तो खोलीत शिरताना डोकं दाराला आपटलं, एवढा ताठ चालत होता.

"आई," तो म्हणाला, "तिथे मला जिंकायला ठेवणारेत."

नोकरी, फंड हे सगळं एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. मी त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसले.

मग एक फॉर्म आला. इंग्रजी होता. जयवंतनं तो एकट्यानं भरला, दाराकडे पाठ करून. भरून झाल्यावर म्हणाला, "कंपनीच्या बाई घरी येतील. वेल्फेअर ऑफिसर. नोकरीत घेण्याआधी घर बघून जातात सगळ्यांचं. तू फार बोलू नकोस. मी क्लबात काय करतो विचारलं तर सांग, टेबलं साफ करतो."

"का? पुसायला ठेवलाय होय तुला?"

"आई, एवढं ऐक माझं."

"कारण सांग."

"कारण काही नाही. एवढंच सांग."

त्यानं कारण सांगितलं असतं तर हे सगळं टळलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण त्याचीही चूक नाही म्हणवत. त्याला ठाऊक होतं की खोटं सांगायचं म्हटलं की मी आधी अर्धा तास भांडणार. म्हणून त्यात काही लपवायचं आहे हेच त्यानं मला कळू दिलं नाही.

बाई आल्या त्या गुरुवारी दुपारी. टेकडी चढून दम लागलेला, पण तोंडावर राग नाही. साधी सुती साडी, चष्मा, हातात फाइल. "मी उत्तरा गुप्ते," म्हणाल्या. मी सतरंजी अंथरली, चहा ठेवला. हे खिडकीतून उठून आत येऊन बसले. आणि बाई बसल्या न बसल्या तोच शेजारची रुक्मिणी उंबऱ्यावर येऊन टेकली, अडकित्ता घेऊन. ही आमच्या गावचीच, कणकवलीकडची. चाळीत कुणाकडे पाहुणा आला की हिची सुपारी तिथेच कातरायची असते. मला सदा विचारायची, "तुझो झील क्लबात पाणी देता ना गो?" मी म्हणायचे, "तुझा देत असेल."

उत्तराबाईंनी माणसं किती, खोली कुणाच्या नावावर, गिरणीत केव्हापासून, सगळं विचारलं. यांनी नीट सांगितलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"मुलगा क्लबात काय काम करतो?"

सांगितल्याप्रमाणे मी म्हटलं, "टेबलं साफ करतो."

उंबऱ्यावरून खिदळणं आलं. "मी सांगी होतंय ना! पुसूकच ठेवल्यांनी!"

माझ्या कानशिलाशी रक्त आलं. पण मी गिळलं. देवाशप्पथ, तेव्हा गिळलं. चहा गाळायला घेतला.

उत्तराबाईंनी फाइलीत बघितलं आणि म्हणाल्या, "आणि खेळतो तो हौशीच ना? म्हणजे हौशी आहे ना मुलगा?"

मी गाळणं खाली ठेवलं.

माझी शाळा तिसरीपर्यंत. मला हौशी म्हणजे काय ते ठाऊक होतं ते आमच्या घरातून. यांचा थोरला भाऊ हौशी होता. दशावतार बघायला आठ-आठ दिवस गावोगाव हिंडायचा, कानात अत्तराचा फाया, खिशात पानाचा डबा, आणि घरी बायको दुसऱ्याच्या शेतावर लावणीला. माडाची वाडी त्याच्या हौसेत गेली. हौशी माणूस म्हणजे उडाणटप्पू. आणि ही बाई, माझ्या घरात बसून, त्या रुक्मिणीसमोर, मला विचारत होती की तुझा मुलगा हौशी ना.

"हौशी?" मी म्हटलं. "बाई, तुम्ही आलात, बसा, चहा घ्या, पण असं बोलू नका. माझ्या मुलाला एका पैशाची हौस नाही. चार वर्षांत त्यानं पायात नवी चप्पल घातलेली नाही. हौस करायला आमच्याकडे आहे काय? तो खेळतो ते पोटासाठी खेळतो."

"पोटासाठी म्हणजे?"

"म्हणजे शेठलोक पैसे देतात त्याच्याबरोबर खेळायला. रोज. त्याच्याएवढा खेळणारा त्या क्लबात नाही. टेबल पुसायला काय, कुणीही पुसतं. गेली दोन वर्षं या घरातली चूल त्याच्या खेळावर पेटते. विचारा हवं तर यांना."

हे ताठ बसले. संपानंतर कितीतरी दिवसांनी यांना कुणी काही विचारलं होतं. "होय बाईनू," हे म्हणाले. "खेळाचेच पैसे. चोरीमारीचे न्हय."

उत्तराबाईंचं पेन थांबलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "नक्की ना? हे मी असं लिहू?"

"लिहा की. ठळक लिहा."

"बघा हं. परत विचारते."

"परत विचारलंत तरी तेच. मी एकदा बोलले की बोलले."

त्यांनी लिहिलं. चहा प्यायल्या, कपबशी स्वतः उचलून मोरीशी ठेवली, नमस्कार केला. मी त्यांना टेकडीच्या पायऱ्यांपर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा रुक्मिणी उंबऱ्यावरून उठली होती आणि सुपारी तशीच अर्धी कातरलेली घेऊन चालली होती. तिचं ते तोंड बघून मला जे काही वाटलं ते लपवत नाही. त्या संध्याकाळी मी गोडाचा शिरा केला.

आठ दिवसांनी जयवंत भर दुपारी घरी आला. या वेळेला तो कधी येत नाही. चप्पल न काढता आत आला आणि भिंतीला टेकून बसला.

"आई, त्या बाईंना तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं."

"हौशी आहे का, असं विचारलं त्यांनी?"

"विचारलं. मी सरळ सांगितलं, माझा मुलगा तसला नाही."

तो हसला. खरंच हसला, अगदी पोट धरून. मीही हसायला लागले, म्हटलं बरं झालं, काही वाईट नाही. आणि मग त्याचं हसणं मध्येच बंद पडलं.

"हौशी म्हणजे जो खेळायचे पैसे घेत नाही तो," तो म्हणाला. "कंपन्यांच्या सामन्यांत फक्त हौशीच चालतो. एक डावसुद्धा पैसे घेऊन खेळलेला माणूस चालत नाही. त्याला धंदेवाईक म्हणतात. प्रधानसाहेबांनी आज सांगितलं. नाव काढलं माझं."

"धंदेवाईक? आपण काय वाईट धंदा केला रे?"

"तसं नाही, आई. नियम आहे."

मी तो नियम मनात उलटापालटा करून बघितला. म्हटलं, "म्हणजे ज्याची चूल दुसऱ्या कशावर पेटते त्यानं खेळायचं. आणि ज्याची खेळावर पेटते त्यानं नाही?"

"हो."

"केला कुणी असला नियम?"

"ज्यांची पेटते त्यांनी."

"मग तू त्या फॉर्मात काय लिहिलं होतंस?"

त्यानं वाकून चपला काढायला घेतल्या. तेव्हा मला कळलं की टेबलं पुसायचं ते काय होतं. पुसायचा पगार घेतला तर चालतो. खेळायचा घेतला तर विटाळ.

हे खिडकीतून म्हणाले, "तुझ्या तोंडान खाल्ल्यान गो झिलाची नोकरी."

"आणि तुम्ही? होय बाईनू, होय बाईनू, कोण करत होतं?"

यांनी परत खिडकीबाहेर तोंड केलं. जयवंत उठून क्लबात गेला. त्याची वेळ झाली होती.

तो मला एका शब्दानंही बोलला नाही, पुढेही नाही. बोलला असता तर मी त्याच्या वरताण बोलले असते आणि दोघं मोकळे झालो असतो. पण तो रोज जेवताना "भाजी चांगली झालीय" म्हणायला लागला. जन्मात कधी म्हटलं नव्हतं. ते मला सहन होईना. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "प्रधानसाहेबांना सांग, मला त्या ऑफिसात यायचं आहे. मी बोलले तर मीच निस्तरीन."

"काय बोलणार आहेस?"

"तू सांगितलं होतंस तेच."

त्यानं माझ्याकडे बघितलं. नको म्हणाला. मग दोन दिवसांनी म्हणाला, "साहेबांनी बुधवारी बोलावलंय. ते म्हणाले, आईचा गैरसमज झाला असं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं तर होईल काहीतरी." हे सांगताना त्याचा खालचा ओठ आत गेला होता. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं. त्यालाही नोकरी हवी होती. का नको असावी?

बुधवारी आम्ही घाटकोपरहून बसनं अंधेरीला गेलो. मी लग्नातली हिरवी साडी नेसले. ऑफिसात गार हवा, खाली गुळगुळीत फरशी. मी चप्पल बाहेर काढायला गेले तर शिपाई म्हणाला, असू द्या. एका लांब टेबलामागे तिघं बसलेले: प्रधानसाहेब, उत्तराबाई आणि मधे टक्कल पडलेले मोठे साहेब. आम्हाला खुर्च्या दिल्या. जयवंत बसला नाही, माझ्या मागे उभा राहिला.

प्रधानसाहेब गोड आवाजात म्हणाले, "सांगा मावशी. त्या दिवशी काय घोटाळा झाला?"

मी येताना बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, "साहेब, मी अडाणी बाई. शेजारीण बसली होती, तिच्यापुढे मिरवायला बोलून गेले. माझा मुलगा पैशासाठी खेळत नाही. तो टेबलं पुसतो."

"पैसे कधीच घेतले नाहीत त्यानं खेळायचे?"

"नाही. पुसतो. झाडतो. पाणी देतो साहेबलोकांना." इतक्यावर थांबायचं होतं. पण खोटं बोलायची सवय नसली की किती बोलायचं ते कळत नाही. "त्यांचे बूट उचलून ठेवतो," मी म्हटलं.

मागे जयवंतचा श्वास मला ऐकू आला.

मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे बाई, आमच्या ऑफिसर घरी आल्या तेव्हा तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत."

"होय."

"दोनदा विचारल्यावरही."

"होय, साहेब."

ते प्रधानसाहेबांशी इंग्रजीत काही बोलले आणि किंचित हसले. काय बोलले ते मला कळलं नाही, पण हसणं कुठल्याही भाषेत कळतं. मग उत्तराबाईंना म्हणाले, "ठीक आहे. लिहा. मुलाच्या आईनं कबूल केलं की पूर्वी दिलेली माहिती आपण जाणूनबुजून खोटी दिली. आणि खाली त्यांचा अंगठा घ्या."

"सही येते मला," मी म्हटलं.

उत्तराबाईंनी दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी अक्षरं लावून वाचलं. खोटी हा शब्द मला पहिल्या झटक्यात वाचता आला. पेन हातात घेतलं. सही म्हणजे मी नाव लिहिते, सावकाश, एकेक अक्षर. शे लिहिला. वं लिहिला. ती लिहायला घेतलं आणि कागदावर हात आला. जयवंतचा डावा हात, पाची बोटं पसरलेली.

"थांब," तो म्हणाला.

"हात काढ."

"साहेब, माझी आई त्या दिवशी खोटं बोलली नाही. खोटं मी लिहिलं, फॉर्मात. आज ती बोलली ते माझ्यासाठी."

प्रधानसाहेब अर्धे उठले. "जयवंत, विचार करून बोल. सगळं जमत आलंय."

"पैसे घेतो मी खेळायचे. कितीतरी वर्षं घेतोय. तुमच्याकडूनही घेतलेत, साहेब."

प्रधानसाहेब खाली बसले. त्यांच्या गोऱ्या मानेवर लाली चढत गेली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मोठे साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." एवढंच. उत्तराबाईंनी जयवंतच्या हाताखालून तो कागद हळूच ओढून घेतला, माझं अर्धं नाव लिहिलेला, आणि त्याचे चार तुकडे करून आपल्या पर्समध्ये टाकले. टोपलीत नाही टाकले.

आम्ही बाहेर पडलो. फाटक ओलांडलं आणि फुटले.

"शहाणा आहेस! अर्धं नाव झालं होतं माझं. अजून एक अक्षर, आणि तू कायम झाला असतास. माझं काय जात होतं? मला कोण ओळखतं इथे? खोटी तर खोटी!"

"मला ओळखतात," तो म्हणाला.

"काय?"

"तो कागद माझ्या फाइलीत राहिला असता, आई. रोज सकाळी मी त्या ऑफिसात गेलो असतो आणि तो तिथे असता."

यावर मला बोलता आलं असतं. मला कशावरही बोलता येतं. पण मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचा ओठ जागच्या जागी होता.

रस्त्यावर लॉऱ्या जात होत्या, फुफाटा उडत होता. स्टॉपवर सावली नव्हती. बसला वेळ होता. तो म्हणाला, "चारला पोचायला हवं. शेठ येणारेत."

मी उभ्या जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. सासूची नाही, नवऱ्याची नाही. कशी मागतात ते मला माहीत नाही, कुठल्या शब्दानं सुरुवात करतात तेही नाही. तिथे उभी राहून मी शोधत होते. दोन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हटलं, "तुला भूक लागली असेल."

"हो," तो म्हणाला.

समोर एक हॉटेल होतं, कारखान्यातली माणसं जेवतात तसलं. मी हॉटेलात कधी बसत नाही, कुणाच्या हातचं, कसलं तेल, सगळं मला दिसतं. त्या दिवशी आत गेले आणि बाकड्यावर बसले. उसळ आणि पाव मागवले. पोऱ्यानं टेबल पुसून घेतलं, ताटली आणून ठेवली. जयवंतनं एक पाव माझ्याकडे सरकवला. मी परत त्याच्याकडे सरकवला.

तो खाली मान घालून जेवला. मी बघत बसले. एकदाही त्याला हळू खा म्हटलं नाही.